फॉरमॅट मारू नका, आधी नोंदी वाचा



संगणक दुरुस्तीच्या दुकानात गेलं की समोरून येणारं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "फॉरमॅट मारावा लागेल." काय बिघडलं, कधीपासून बिघडलं, त्याआधी काय बदललं होतं, हे कुणी विचारत नाही. सगळं पुसायचं, नवं टाकायचं, पैसे मोजायचे आणि दोन महिन्यांनी तोच डबा उचलून त्याच दुकानाच्या पायऱ्या चढायच्या. आता हे वाक्य आपल्या कार्यकर्त्यांच्या तोंडीही ऐकू यायला लागलंय, आणि तेही लिनक्सच्या बाबतीत. अभ्यासिकेतल्या संगणकावर उबंटू अपग्रेड केलं, पडदा गोठायला लागला, माऊस जागेवर अडकला, की लगेच फर्मान निघतं: "काढून टाका हे लिनक्स, विंडोज मारा." हा लेख त्या फर्मानाच्या विरोधात आहे.

विषय किरकोळ वाटेल, पण जरा हिशेब करू. १४ ऑक्टोबर ही तारीख आपल्याला वेगळ्या कारणाने पाठ आहे. २०२५ साली त्याच तारखेला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार बंद केला. नोंदणी करणाऱ्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतील, एवढीच काय ती मुदतवाढ. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ नंतर आलेला. आता हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ, सेनगाव या आपल्या पाच तालुक्यांतल्या विहारांमधल्या, वसतिगृहांमधल्या अभ्यासिका डोळ्यांपुढे आणा. कुठल्यातरी कार्यालयातून निघालेले, कुणा नोकरदाराने दान दिलेले जुने संगणक. कंपनीच्या नियमात ते बसत नाहीत, म्हणजे ते भंगार. ज्या पोराच्या घरी नवा लॅपटॉप आहे त्याला याने काही फरक पडत नाही. जिला महाडीबीटीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला, एमपीएससीच्या जुन्या प्रश्नपत्रिका चाळायला तो एकच संगणक आहे, तिला पडतो. लिनक्स या यंत्रांना आणखी काही वर्षं कामात ठेवू शकतं. पण त्यासाठी ते गोठलं की काय करायचं हे गावात कुणालातरी यायला हवं. ते 'कुणीतरी' आपल्यातलं असावं, असं माझं म्हणणं आहे.

आधी लिनक्सचा प्रचार करणाऱ्या आपल्याच मित्रांना दोन शब्द. "लिनक्स कधीच हँग होत नाही, त्यात व्हायरस येत नाही, सगळं फुकट," असं सांगत फिरणं बंद करा. हँग होतं. अपग्रेडनंतर तर हमखास काहीतरी कुरकुरतं. उबंटूचं ताजं उदाहरण घ्या. २४.०४ ही आवृत्ती एप्रिल २०२४ मध्ये आली. २२.०४ वापरणाऱ्यांना अपग्रेडचं आमंत्रण पहिली सुधारित आवृत्ती, म्हणजे २४.०४.१, आल्यावर मिळतं. ती २९ ऑगस्टला आली, आणि काही दिवसांतच उबंटूच्या लोकांनी अपग्रेडचा तो दरवाजाच बंद केला. का? अपग्रेड करणाऱ्या साधनातच गंभीर दोष सापडला होता. कोणतं पॅकेज ठेवायचं आणि कोणतं काढायचं, याचा त्याचा हिशेब चुकत होता. दुरुस्ती झाली आणि मग दरवाजा पुन्हा उघडला. जगभर वापरली जाणारी प्रणाली बनवणारे लोकही चुकतात, हे यातून दिसतं. पण माझ्या लेखी महत्त्वाचं ते पुढचं: त्यांनी ती चूक जाहीरपणे सांगितली, कारण सांगितलं, आणि कुणीही वाचू शकेल अशा ठिकाणी तिची नोंद ठेवली. आपल्या किती संस्थांमध्ये हे घडतं, ते तुम्हीच बघा.

प्रचारकांचा दुसरा दोष जास्त गंभीर आहे. एखादा उत्साही कार्यकर्ता येतो, एका दिवसात पाच संगणकांवर लिनक्स टाकतो, फोटो काढतो, स्टेटस ठेवतो आणि जातो. मागे राहिलेल्या पोरांना पासवर्डपलीकडे काही माहीत नसतं. सहा महिन्यांनी पडद्यावर अपग्रेडची खिडकी येते, कुणीतरी "होय" दाबतं, मधेच वीज जाते, आणि सकाळी काळा पडदा. मग विंडोजची चोरटी प्रत टाकणारा दुकानदार तारणहार ठरतो. यात लिनक्स हरलं असं मी मानत नाही. यंत्र दिलं पण ज्ञान हातात दिलं नाही, हे त्या कार्यकर्त्याचं अपयश आहे.

आता मूळ मुद्दा. "हँग झालं" हे सांगणं म्हणजे डॉक्टरला "दुखतंय" एवढंच सांगण्यासारखं आहे. कुठे दुखतंय? कधीपासून? गोठण्याचे प्रकार आहेत, आणि ते ओळखायला इंजिनिअर असावं लागत नाही.

पडदा गोठला की पहिल्यांदा कॅप्स लॉकची कळ दाबा आणि कळफलकावरचा छोटा दिवा बघा. दिवा लागत-विझत असेल तर प्रणालीचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो जिवंत आहे. वरचा चित्राचा भाग तेवढा अडकलाय. अशा वेळी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ या तीन कळा एकदम दाबा. काळ्या पडद्यावर अक्षरांत लॉगिन येईल. तिथून आत शिरून कोणता प्रोग्राम सगळी ताकद खातोय ते 'टॉप' या आदेशाने दिसतं, आणि त्या एकट्याला बंद करता येतं. दिवा हलतच नसेल तर दुखणं खोल असण्याची शक्यता आहे: कर्नल अडकला असेल किंवा यंत्राच्या एखाद्या भागात खोट असेल. तिसरा प्रकार आपल्याकडे सगळ्यात जास्त. माऊस मरत नाही, पण धक्के खात सरकतो, आणि डब्यावरचा हार्ड डिस्कचा लाल दिवा सतत जळत राहतो. हा बिघाडच नव्हे, ही उपासमार आहे. रॅम भरलीय आणि यंत्र रॅममधलं सामान संथ हार्ड डिस्कवर ठेव-काढ करण्यात दमलंय.

त्या क्षणी बटण दाबून धरून संगणक बंद करण्याचा मोह आवरा. ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन दाबून ठेवा, आणि दर दोन-तीन सेकंदांनी एकेक अक्षर दाबा: एस, मग यू, मग बी. पहिल्याने राहिलेलं लिखाण डिस्कवर उतरतं, दुसऱ्याने डिस्क सुरक्षित होते, तिसऱ्याने यंत्र पुन्हा सुरू होतं. इंटरनेटवर सहा अक्षरांचा मंत्र सांगतात, पण उबंटूत मुळात परवानगी असते ती त्यातल्या शेवटच्या तीन अक्षरांना. बाकीची तीन दाबून काही होत नाही म्हणून लोक हा उपायच खोटा ठरवतात. मंत्र पाठ करून असंच होतं; प्रत्येक अक्षर काय करतं हे माहीत असलं की होत नाही.

यंत्र पुन्हा सुरू झालं की खरं काम सुरू. लिनक्स प्रत्येक क्षणाची नोंद ठेवतं. माझ्या मते या प्रणालीची सगळ्यात मोठी देणगी हीच, ती फुकट मिळते ही त्यानंतरची गोष्ट. टर्मिनल उघडा आणि 'जर्नलसीटीएल' हा आदेश द्या, पुढे 'मायनस बी' आणि 'मायनस एक'. (सगळं इंग्रजी अक्षरांत टाइप करायचं, मी फोनवर सांगावं तसं इथे लिहितोय.) याचा अर्थ, यंत्र मागच्या वेळी सुरू झाल्यापासून बंद पडेपर्यंतची नोंद दाखव. शिफ्ट आणि जी दाबून तळाशी जा आणि शेवटच्या पन्नासेक ओळी वाचा. लाल ओळी दिसल्या म्हणून घाबरू नका, निरोगी संगणकाच्या नोंदीतही त्या असतात. तुम्हाला हवा आहे तो गोठण्याआधीचा शेवटचा मिनिट. म्हणून गोठलं की घड्याळ बघून वेळ वहीत लिहायची सवय लावा.

त्या मिनिटात 'आउट ऑफ मेमरी' दिसलं, किंवा 'सिस्टमडी-ओओएमडी' या पहारेकऱ्याने अमुक प्रोग्राम मारला असं दिसलं, तर कारण रॅम. हा पहारेकरी उबंटू २२.०४ पासून मुळातच चालू असतो, आणि कमी रॅमच्या यंत्रावर तो पोरांचा उघडा ब्राउझर बेधडक बंद करतो. अर्ज अर्धा भरलेला असतो, खिडकी गायब होते, आणि पोरं म्हणतात व्हायरस आला. उबंटू २४.०४ स्वतः किमान ४ जीबी रॅम मागतं, आणि ४ जीबीवर दोन-तीन जड संकेतस्थळं उघडली की दम संपतो. इथे फॉरमॅट दहा वेळा मारला तरी काही बदलणार नाही. जुनी रॅमची पट्टी मिळवून लावा, किंवा त्या यंत्रावर लुबंटू, झुबंटू, मिंटची एक्सएफसीई आवृत्ती असलं हलकं काही टाका. लुबंटूच्या दीर्घ आवृत्तीला पाच नव्हे, तीनच वर्षं आधार मिळतो, हे मात्र लक्षात ठेवा.

'आय-ओ एरर' असे शब्द डिस्कच्या नावासोबत पुन्हा पुन्हा दिसले, तर डिस्क मरायला टेकली आहे. लोक म्हणतात, "अपग्रेड करायच्या आधी चांगलं चालत होतं." खरं आहे. पण अपग्रेडमध्ये हजारो फायली नव्याने लिहिल्या जातात, आणि कमजोर डिस्कच्या ज्या कोपऱ्यांना वर्षानुवर्षं कुणी हात लावला नव्हता त्यांना हात लागतो. अपग्रेडने तिला मारलं नाही, तिचं दुखणं उघडं पाडलं. 'स्मार्टसीटीएल' हे साधन डिस्कची स्वतःचीच कुंडली वाचून दाखवतं. (आपल्याला मान्य असलेली एकमेव कुंडली!) त्यात 'रिअॅलोकेटेड' आणि 'पेंडिंग' सेक्टरांचे आकडे वाढताना दिसले तर त्याच दिवशी पोरांच्या फायली दुसरीकडे हलवा. 'सीआरसी' चुकांचा आकडा वाढत असेल तर डिस्क ठीक असून तिची केबल ढिली किंवा खराब असण्याची शक्यता जास्त. ती बदलायला फॉरमॅट लागतो का?

'जीपीयू हँग' दिसलं तर संशय चित्र दाखवणाऱ्या भागावर. लॉगिनच्या पडद्यावर पासवर्ड टाकण्याआधी उजव्या कोपऱ्यात खाली दातेरी चाकाचं चिन्ह येतं. २४.०४ मध्ये तिथून 'उबंटू ऑन एक्सऑर्ग' निवडता येतं; म्हणजे नव्या वेलँडऐवजी जुनी चित्रपद्धत. तिच्यात गोठणं थांबलं तर अर्धं कारण सापडलं. हा आधार कायमचा नाही: ऑक्टोबर २०२५ च्या २५.१० पासून उबंटूच्या मुख्य डेस्कटॉपवर ही निवड काढून टाकली आहे. एनव्हिडियाचं जुनं कार्ड असेल तर त्याचा ड्रायव्हर नव्या आवृत्तीत मिळतो का हे अपग्रेडच्या आधी बघायचं असतं, नंतर नव्हे. आणि ज्यांनी डेस्कटॉप सजवायला ढीगभर एक्स्टेन्शन लावली आहेत त्यांनी ती सगळी बंद करून बघावं. २२.०४ मध्ये नोम ४२ होतं, २४.०४ मध्ये ४६ आहे; मधे ४५ ला एक्स्टेन्शन लिहिण्याची पद्धतच बदलली, त्यामुळे जुनी तशीच्या तशी चालत नाहीत.

आणि नोंद मधेच तुटलेली असेल, शेवटच्या ओळीत काहीच वावगं नसेल, तर? तोही पुरावाच आहे. कर्नलला लिहायलासुद्धा वेळ मिळाला नाही, म्हणजे बहुधा वीजपुरवठा, उष्णता किंवा रॅम. मे महिन्यात मराठवाड्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेला डबा उघडून पंख्यावरची धूळ बघा. आधी ती झटका, मग उबंटूला शिव्या द्या.

वीज मधेच गेल्याने अपग्रेड अर्धवट राहिलं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा प्रणाली अर्धी जुनी, अर्धी नवी असते आणि काहीही करू शकते. यंत्र सुरू होताना एस्केप (जुन्या यंत्रात शिफ्ट) दाबून मेनू आणा, 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जा, रिकव्हरी निवडा आणि 'डीपीकेजी' दुरुस्तीचा पर्याय द्या. राहिलेलं काम बहुतेक वेळा तो पुरं करतो. काय कुठवर झालं होतं त्याची नोंद 'व्हार-लॉग' मधल्या 'डिस्ट-अपग्रेड' या फोल्डरात असते. तीही वाचण्यासारखी असते.

त्याच मेनूत जुना कर्नलही दिसतो. तो निवडून यंत्र सुरू करा आणि एक दिवस वापरा. गोठलं नाही, तर दोष नव्या कर्नलमध्ये आहे आणि तुम्ही तो दोन मिनिटांत पकडलात. म्हणूनच अपग्रेड झाल्या झाल्या "जागा मोकळी करा" म्हणून 'ऑटोरिमूव्ह' चालवू नका, तो जुना कर्नल पुसून टाकू शकतो. तपासण्याची ही रीत सगळीकडे एकच: एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि बदलली ती वहीत लिहा. कर्नल बनवणारेही असंच करतात. हजार बदलांपैकी कोणत्या एकाने बिघाड आणला हे शोधायचं तर ते मधोमध कापून बघतात, बिघाड अलीकडे की पलीकडे, मग उरलेल्याचे पुन्हा दोन भाग. हजारातला एक दोषी सुमारे दहा चाचण्यांत सापडतो. आपल्याकडे मात्र एकाच संध्याकाळी ड्रायव्हर बदलतात, रॅम काढून लावतात, यूट्यूबवरचे चार आदेश चिकटवतात आणि यंत्र सुरू झालं तर कशामुळे झालं ते कुणालाच सांगता येत नाही.

मी हे ज्यांच्या भरवशावर सांगतोय ते कुणी मोठ्या कंपनीचे तंत्रज्ञ नाहीत. इंटेलचे 'बे ट्रेल' नावाचे स्वस्त प्रोसेसर २०१३ पासून बाजारात आले. स्वस्त लॅपटॉप आणि छोट्या डब्यांमध्ये ते भरपूर विकले गेले. लिनक्सवर ही यंत्रं मधेच पूर्ण गोठायची, कॅप्स लॉकसुद्धा मेलेला, नोंदीत काही नाही. कर्नलच्या जाहीर दोषवहीत या तक्रारीचा क्रमांक १०९०५१ आहे. तिच्याखाली देशोदेशीच्या साध्या वापरणाऱ्यांनी आपापल्या यंत्राचं नाव, कर्नलचा क्रमांक, किती तासांनी गोठलं ते नोंदवलं. प्रोसेसरला खोल झोपेच्या अवस्थेत जाऊ दिलं नाही तर गोठणं थांबतं, हे त्यातून पक्कं झालं. सुरू होताना कर्नलला द्यायची एक छोटी सूचना, आणि टाकून द्यायला निघालेली यंत्रं चालायला लागली. महागडी यंत्रं वापरणाऱ्यांना हा त्रासच नव्हता, त्यामुळे तो शोधणं स्वस्त यंत्रवाल्यांवरच आलं, आणि त्यांनी ते केलं.

कुणी म्हणेल, हे सगळं अमेरिका-युरोपात ठीक आहे, हिंगोलीत काय? मग औंढा तालुक्यात चला. दुधाळा शिवारात लायगो-इंडिया उभी राहते आहे. या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला केंद्राने फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये पूर्ण मंजुरी दिली. खर्च सुमारे २६०० कोटी रुपये. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा आणि प्रोटॉनच्या रुंदीच्या हजाराव्या भागाहूनही सूक्ष्म हालचाल टिपणारं यंत्र. अमेरिकेतल्या तिच्या दोन भावंड वेधशाळा चालवणारे संगणक लिनक्सवर चालतात, आणि त्यांच्या नोंदींचं विश्लेषण करणाऱ्या आज्ञावल्या मुक्त सॉफ्टवेअर म्हणून कुणालाही उघड्या आहेत.

तिथे बिघाड कसा शोधतात ते ऐका. हॅनफर्डच्या वेधशाळेत २०१७ च्या उन्हाळ्यात नोंदींमध्ये विचित्र खटके दिसायला लागले. कुणी म्हटलं नाही की पुसून टाका, नव्याने सुरू करा. वेळा जुळवल्या, माइक तपासले, बाहेर जाऊन बघितलं. थंड नायट्रोजनच्या नळ्यांवर बर्फ साचला होता, आणि त्या बर्फावर चोचींच्या खुणा होत्या. तहानलेले डोमकावळे बर्फ टोचत होते! नळ्या झाकल्या, खटके थांबले. खटक्याची वेळ लिहा, नोंद वाचा, एकेक कारण बाद करा: अभ्यासिकेतल्या गोठलेल्या उबंटूसाठी लागणारं काम अगदी हेच आहे. दुधाळ्याच्या त्या कुंपणाच्या आत आपली पोरं फक्त फाटकावर उभी राहणार की नोंदी वाचणाऱ्या खोलीतही बसणार, हे आजच ठरायला लागलंय. नियंत्रण कक्षात बसायला पदव्या लागतात हे मला माहीत आहे. पण त्या पदव्यांकडे जाणारी ओढ अशा एखाद्या बिघाडापासूनच लागते.

आता आक्षेप. पहिला: "आपल्या समाजापुढे अत्याचाराचे, आरक्षणाचे, रोजगाराचे प्रश्न असताना हे काय कर्नल-जर्नल?" हा आक्षेप घेणारे मित्र त्यांची निवेदनं कशावर टाइप करतात? माहितीच्या अधिकाराचे अर्ज, जातपडताळणीची कागदपत्रं, मोर्चाची पत्रकं, सगळं त्याच यंत्रावर असतं. फॉरमॅट मारताना ते पुसलं जातं, आणि कुणाकडे दुसरी प्रत नसते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार: "टायपिंगच्या परीक्षा, कार्यालयातली कामं विंडोजवर होतात. लिनक्स शिकून पोरं मागे पडतील." यात तथ्य आहे, आणि लिनक्सच्या हट्टापायी पोरांचं नुकसान करावं असं मी म्हणणार नाही. अभ्यासिकेत एक तरी यंत्र परवाना असलेल्या विंडोजचं असू द्या. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टच्या फायली उघडायलाही ते लागेल. पण ब्राउझर, पीडीएफ, अर्ज, गणित, प्रोग्रामिंग यांना विंडोज लागत नाही. केरळात 'काइट' ही सरकारी संस्था उबंटूवर बेतलेली स्वतःची प्रणाली शाळांमधल्या दोन लाखांहून अधिक संगणकांवर चालवते. त्याहून मला आवडतं ते तिथलं 'लिटल काइट्स': २०१८ पासून दोन हजारांवर शाळांमध्ये विद्यार्थ्यांचेच गट आहेत, आणि शाळेतली यंत्रं सांभाळायलाही ते शिकतात. तिथे आठवी-नववीची पोरं जे शिकतात ते आपल्या पदवीधर पोरांना दुकानदारावर सोपवावं लागतं, हे मला बोचतं.

तिसरा आक्षेप असा की फॉरमॅट मारणं कधीकधी खरंच सोपं असतं. असतं. डिस्क बदलली, किंवा अर्धवट अपग्रेड दुरुस्तच होत नसेल, तर नव्याने टाका. फक्त आधी कारण सापडू द्या, फायलींची प्रत घ्या, आणि मग पुसा. कारण न शोधता पुसलेल्या यंत्रातला पुरावाही पुसला जातो, आणि शेजारच्या यंत्राला तेच दुखणं झालं की आपण पुन्हा शून्यावर.

अपग्रेड कधी करायचं, हेही अभ्यासिकेने बसून ठरवावं. पडद्यावर खिडकी आली म्हणून नव्हे. जयंतीच्या आधीच्या पंधरवड्यात नको, बॅनर-पत्रकांची कामं तेव्हाच असतात. शिष्यवृत्तीची किंवा भरतीची शेवटची तारीख जवळ असताना नको. २२.०४ ला २०२७ पर्यंत आधार आहे, म्हणजे कुणी मागे लागलेलं नाही. आधी नव्या आवृत्तीचा पेनड्राइव्ह बनवून यंत्र त्यावरून, काही न बसवता, चालवून बघा: वायफाय, आवाज, पडदा, प्रिंटर, मराठी टायपिंग. मग एकाच यंत्रावर अपग्रेड करा, इन्व्हर्टर असलेल्या खोलीत, आणि दोन आठवडे थांबा. बाहेरून जोडलेले सॉफ्टवेअरचे स्रोत अपग्रेड स्वतःच बंद करतं. ते कोणते होते ते आधी लिहून ठेवा. प्रत्येक यंत्राची एक वही असावी, पाठकोऱ्या कागदांची चालेल. तारीख, काय बदललं, कधी गोठलं, नोंदीत काय दिसलं, कशाने थांबलं. ती वही एकाच हुशार पोराच्या ताब्यात देऊ नका. तो पुण्याला नोकरीला गेला की वहीतलं अक्षरही कुणाला लागत नाही.

एक काम असं आहे जे आपल्यावाचून कुणी करणार नाही. तऱ्हा, सुऱ्या, ऱ्हास, कऱ्हाड, या शब्दांतला तो आडवा र बघा. हिंदीत तो नाही. अपग्रेडनंतर एखाद्या प्रोग्राममध्ये किंवा फॉन्टमध्ये तो तुटला, किंवा इनस्क्रिप्टने टाइप करताना खिडकी गोठली, तर अमेरिकेतल्याच काय, दिल्लीतल्या प्रोग्रामरलाही कळणार नाही की काही बिघडलंय. सांगावं लागेल ते मराठी लिहिणाऱ्याने. उबंटूची दोषवही 'लाँचपॅड'वर आहे, खातं फुकट उघडतं, आणि टर्मिनलमध्ये 'उबंटू-बग' लिहून पुढे पॅकेजचं नाव दिलं की यंत्राची बरीचशी माहिती आपोआप जोडली जाते. इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, अशी तीन वाक्यं लिहा. चूक दिसते त्या शब्दाचा पडद्यावरचा फोटो जोडा, शेजारी तोच शब्द जिथे बरोबर दिसतो तो फोटो ठेवा, आणि आवृत्तीचा क्रमांक द्या. उत्तर यायला कधी आठवडा लागतो, कधी वर्ष. दरम्यान तोच दोष दुसऱ्या कुणाला दिसला तर त्याने नवी तक्रार न लिहिता त्याच नोंदीवर "मलाही हे होतंय" असं नोंदवायचं. तसे पाच-दहा जण जमले तर तक्रारीकडे लक्ष जाण्याची शक्यता वाढते.